बीअर आंबली नव्हती, गारठली होती

विट्याच्या एका गलाईवाल्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणाऱ्या, गृहस्थांचा प्रश्न आहे. जावयानं बेल्जियमहून येताना दोन मोठ्या बाटल्या आणल्या. काळपट, बेल्जियन पद्धतीची एल (उबेत आंबवलेली बीअर), ११ टक्के अल्कोहोल, बरबन व्हिस्कीच्या रिकाम्या बॅरलमध्ये मुरवलेली. त्यातली एक त्यांनी थोरल्या भावाबरोबर संपवली. बाटली रात्रभर फ्रिजमध्ये होती, उघडण्याआधी अर्धा तास फ्रीझरमध्ये. स्टीलचे पेले, जोडीला लसूण-मिरचीचं भडंग. ते लिहितात, "पहिला घोट खोकल्याच्या औषधासारखा. मग तुरट-आंबट. शेवटी घशात नुसता जाळ. फेस म्हणाल तर नावाला. बीअर आंबली होती का? दुसरी बाटली ठेवू की ओतून देऊ? आणि असली बीअर चाखायची तरी कशी?"

ओतू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून रुपयातले चौदा आणे खात्रीनं सांगतो, ती आंबली नव्हती, गारठली होती. उरलेल्या दोन आण्यांचं, म्हणजे खरोखर बिघडलेली कशी ओळखायची ते, पुढं येईलच. लाकडात मुरणाऱ्या कुठल्याही पेयाला तो धोका असतो आणि त्यात मी स्वतः एकदा चांगलाच तोंडघशी पडलोय.

मी सांगलीचा. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, त्यातून पलूसला वाइन पार्क उभं राहिलं. तिथल्या एका वायनरीत बॅरलच्या खोलीत माझी बारा-तेरा वर्षं गेली. त्यानंतर पुण्यातल्या ब्रुअऱ्यांसाठी चव तपासायचं काम करतोय. थोडक्यात, माझं पोट नाकावर चालतं.

आधी साधा हिशोब. बाटली ७५० मिलीची, अल्कोहोल ११ टक्के, म्हणजे आत साडेब्याऐंशी मिली निव्वळ अल्कोहोल. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा एक पेग धरला तर त्यात पावणेतेरा मिलीच्या आसपास असतं. भागाकार करा. तुम्ही दोघा भावांनी मिळून जवळजवळ साडेसहा पेग रिचवले, तेही "बीअरच तर आहे" म्हणत आणि बीअरच्याच वेगानं. आपल्या दुकानात स्ट्राँग म्हणून मिळते ती आठ टक्क्यांच्या आतली असते. तिचा वेग हिला लावला की शेवटी घशात जाळ आणि डोक्यात दगड हे ठरलेलं. वर भडंगातली मिरची. मिरचीचा जाळ आणि दारूचा जाळ तोंडात एकाच ठिकाणी जाऊन टोचतात, एक दुसऱ्याला चढवतं. तिखट खाऊन कडक दारू प्यायलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही.

आता थंडीचं. कुल्फी वितळल्यावर चाखून बघितलीय कधी? गोडमिट्ट लागते, पिववत नाही. तीच काडीवर असताना बेतशीर गोड वाटते. साखर तेवढीच आहे, थंडीनं जिभेला गोड कमी कळतं एवढंच. उलट तुरट आणि कडू थंडीत जास्त टोचतं. आणि वास तर थंड पेयातून वर यायलाच तयार नसतो. तुमच्या पेल्यात तीन-चार अंशांवर काय उरलं ते बघा. गोडवा झोपलेला, वास कोंडलेला. जागं काय, तर लाकडाचा तुरटपणा, थोडी आंबट धार, दारूची ऊब आणि लवंगेची एक कड. या चार गोष्टी एकत्र केल्या की खोकल्याचं औषधच होतं. तुमच्या जिभेनं चूक केली नाही, तिच्यापुढं अर्धवट साक्षीदार उभे केले गेले.

तुम्ही गलाईवाले. मुशीत तापल्याशिवाय सोन्याचा निकाल लागत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार. हिला मुशीएवढं तापवायचं नाही, बारा-चौदा अंशांपर्यंत येऊ द्यायचं, इतकंच.

ही बीअर आहे तरी काय, ते थोडं समजून घेतलं की चाखताना मदत होते. बेल्जियमच्या मठांत साधू लोक बीअर बनवतात हे तुमच्या जावयांनी सांगितलंच असेल. त्यांच्याकडच्या सगळ्यात गडद आणि कडक बीअरचं हे घराणं. रोशफोर्टच्या मठाची १० नंबरची ११.३ टक्क्यांची, वेस्टफ्लेटरनची १२ नंबरची १०.२ टक्क्यांची. 'क्वाड्रुपेल' हे नाव मात्र शेजारच्या हॉलंडमधलं. तिथल्या कोनिंग्सहूवेन मठानं 'ला ट्रॅप' या आपल्या बीअरमध्ये १९९१ साली ते आणलं आणि पुढं या सगळ्या प्रकारालाच चिकटलं. बरबनच्या बॅरलमध्ये मुरवणं हा काही त्या मठांचा जुना रिवाज नव्हे, ती अलीकडची हौस. लाकडाची जुनी परंपरा बेल्जियममध्ये आहे, पण ती मुख्यतः आंबट बीअरची. रूसलारे गावात रोडेनबाखची माणसापेक्षा कितीतरी उंच लाकडी पिंपं आहेत, त्यांत बीअर मुद्दाम आंबट होईपर्यंत ठेवतात. म्हणून "लाकूड आणि आंबट" म्हटलं की तिकडचा माणूस दचकत नाही, आपण दचकतो.

रंग पाहून लोकांना वाटतं की धान्य करपवलं असणार. स्टाउट नावाच्या काळ्या बीअरमध्ये ते खरं असतं. हिचा काळेपणा बराचसा साखरेचा. बीटची साखर आटवून, तांबूस-काळी करून तिचा पाक बीअरच्या उकळीत घालतात. त्याला तिकडं 'कांदी' साखर म्हणतात आणि हा शब्द ऐकून तुम्हाला हसू येईल, कारण तो आपलाच आहे. संस्कृतातला 'खंड', त्याचं फारसीत 'कंद', अरबीत 'कंदी', तिथून फ्रेंचांकडं. आपली खडीसाखरही त्याच खंडाची. साताऱ्याच्या कंदी पेढ्यातलं 'कंदी' इंग्रजांच्या 'कँडी'वरून आलं असं साताऱ्यात सांगतात. तसं असेल तर शब्द जग फिरून परत घरी आला म्हणायचं.

गुऱ्हाळावर उभं राहिलेल्याला या पाकाचा वास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. काहिलीत रस उकळतोय, मळी काढून झालीय, गुळव्या फावड्यावरून ओघळणारी धार बघतोय. काकवीची वेळ उलटून गेली आणि गूळ अजून वाफ्यात ओतायचा आहे, त्या दरम्यान पाच-दहा मिनिटं जो वास सुटतो, गोड आणि किंचित जळका, काठावरचा, तो ध्यानात आणा. या बीअरच्या पोटात तो आहे. फरक इतकाच की काकवीचा गोडवा हिच्यात राहत नाही. साखर यीस्टनं जवळपास सगळी खाऊन टाकलेली असते. वास गुळाचा आणि घोट त्या मानानं कोरडा, अशी गंमत आहे. पहिल्यांदा पिणारा इथंच फसतो. नाकाला गोड कबूल केलेलं असतं आणि जिभेवर येतं वेगळंच.

यीस्टचं थोडक्यात सांगतो. लागर, म्हणजे आपल्याकडं नेहमी मिळणारी फिकट बीअर, थंडीत आंबवतात, ही उबेत, पुष्कळदा पंचवीस अंशांच्याही वर. उबेत बेल्जियन यीस्ट फळांचे वास सोडतं, पिकलेल्या केळ्याचा, नासपतीचा, सुक्या अंजिराचा. शिवाय लवंग-मिऱ्याचा एक पदर. तुम्हाला औषध वाटलं त्यात या लवंगेचा मोठा हात. दुसरी लवंग लाकडातून येते. लवंगेला लवंग करणारा जो घटक, युजेनॉल, तो ओकच्या लाकडातही थोडा असतोच.

लाकडावर मात्र मी जरा रेंगाळणार, माझी हयात त्यात गेलीय.

अमेरिकेत कायदाच असा आहे की बरबन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओकच्या बॅरलमध्ये मुरवायची. एकदा वापरलेलं बॅरल बरबनला पुन्हा चालत नाही. म्हणून ही साधारण दोनशे लिटरची रिकामी बॅरलं जगभर विकली जातात, कुणी त्यांत रम भरतं, कुणी बीअर. आतली कोळशासारखी काळी कातडी आणि तिच्यामागचा भाजलेला थर यांत सगळी माया असते. लाकूड भाजलं की त्यातून व्हॅनिला सुटतो, खोबऱ्याचा वास सुटतो, कॅरॅमलसारखा वास सुटतो. अमेरिकी ओकमध्ये खोबरं जास्त, फ्रेंच ओकमध्ये मसाला आणि तुरटपणा जास्त. आणि फळीत जिरलेली व्हिस्की असते ती वेगळीच, ती हळूहळू बीअरमध्ये उतरते.

पण बॅरल म्हणजे स्टीलची टाकी नव्हे. ते श्वास घेतं. पलूसला पहिल्या उन्हाळ्यात आमची रिकामी बॅरलं सुकून फळ्यांमधून फटी पडल्या होत्या, भरलं की पाझर सुरू. परदेशी पुस्तकं चाळत बसलो होतो. आमच्याकडचा एक वयस्कर गडी म्हणाला, "साहेब, गाडीच्या चाकाची धाव ढिली झाल्यावर काय करतात? वढ्यात घालून ठेवतात की." गरम पाणी भरून ठेवलं, रात्रीत लाकूड फुगलं, फटी मिटल्या. पुस्तकातही शेवटी तेच लिहिलेलं निघालं.

हा श्वास म्हणजे फळीतून आत शिरणारी चिमूटभर हवा. लोणचं मुरताना कैरीची करकर जाते आणि खार आत उतरतो, तसं काहीसं इथं होतं. दारूची धार मऊ होते, सुक्या मेव्याचे वास गडद होतात. हवा बेताची तर मुरणं, जास्त झाली तर बिघडणं. दोघांमधली रेघ बारीक असते आणि चाखणाऱ्याचं खरं काम त्या रेघेवर चालतं.

चाखायचं कसं, ते नियम म्हणून सांगण्यापेक्षा गेल्या पौषातली एक संध्याकाळ सांगतो. सांगलीच्या विश्रामबागेतल्या मित्राच्या गच्चीवर आम्ही चौघं. बाटली तुमच्यासारखीच, बॅरलमधली, १० टक्क्यांची. तासगावचा एक बेदाण्याचा व्यापारी, एक निवृत्त मास्तर, यजमान आणि मी. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवलेली, कारण तळाशी यीस्टचा गाळ असतो आणि तो खाली बसायला वेळ लागतो. फ्रिजमधून काढून पाऊण तास बाहेर. वाइनचे ग्लास, नुसत्या गरम पाण्यानं धुऊन उपडे वाळवलेले. प्रत्येकाला ऐंशी-नव्वद मिली, ग्लासच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी. वरची जागा वासासाठी मोकळी सोडायची असते. शेवटची दोन बोटं बाटलीतच राहू दिली, गाळासकट.

उजेडात ग्लास तिरका धरला तर मध्ये काळी, कडेला डाळिंबाच्या रसासारखी लालसर. फेस पातळ, बदामी, दोन मिनिटांत कडेला गेला. फेसाबद्दल तुमची तक्रार होती. इतक्या अल्कोहोलात फेस फार टिकत नाही, बॅरलमधून आलेल्या बीअरचा तर नाहीच. त्यात पेल्याला सकाळच्या दुधाचा ओशटपणा किंवा ओठाला भडंगाचं तेल असेल तर आहे तोही मरतो.

पहिला वास आठ-नऊ अंशांवर घेतला. दारू आणि लाकूड, बाकी काही नाही. मास्तर म्हणाले, "नव्या कपाटात तोंड घातल्यासारखं वाटतंय." बरोबर होतं. मी सांगितलं, ग्लास तळव्यात धरून बसा आणि गप्पा मारा. नाक एकदम खुपसायचं नाही, दारूचा झोत बसला की पुढची पाच मिनिटं नाक बधिर. ग्लास छातीपाशी धरून वर आणायचा, जिथं पहिल्यांदा वास लागतो तिथं थांबायचं. दोन-तीन छोटे हुंगे, मग बाजूला. नाक थकलं की स्वतःच्या कोपराचा किंवा बाहीचा वास घ्यायचा. हसू येईल, पण आमच्या धंद्यात सगळे करतात. आपल्या अंगाच्या वासाला नाक सरावलेलं असतं, तिथं त्याला विसावा मिळतो.

पंधरा-वीस मिनिटांनी तासगावकरांनी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. "हा काळा बेदाणा," ते म्हणाले, "पण यंदाचा नाही. डब्यात वर्ष काढलेला." हा माणूस रोज शेकडो पेट्या उघडतो. हिरवा बेदाणा करताना द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून सावलीत रॅकवर वाळवतात, वर गंधकाची धुरी देतात. त्यानं रंग टिकतो आणि वासात हलका आंबट ताजेपणा राहतो. काळा बेदाणा धुरीशिवाय काळवंडत जातो, त्याचा वास खजुराकडं झुकतो. विलायती पुस्तकांत या बीअरला सरसकट "मनुका" लिहून मोकळे होतात. आमच्या तासगावकरांनी कुठला बेदाणा, किती जुना, ते सांगितलं. त्या बीअरवर इतकं नेमकं वाक्य मी इंग्रजीत वाचलेलं नाही.

मग घोट. छोटा, चमचाभर. जिभेवर सगळीकडं फिरवायचा, गिळायचा आणि तोंड मिटून नाकातून श्वास सोडायचा. हा सोडलेला श्वास महत्त्वाचा. ज्याला आपण चव म्हणतो ती बरीचशी घशामागून नाकात जाणारा वासच असतो. सर्दीत जेवण बेचव लागतं ते यामुळं. पहिला घोट निकालासाठी घ्यायचा नाही, त्यात तोंड फक्त दारूला सरावतं. दुसऱ्यापासून मोजा. आम्हाला मिळालं ते असं: आधी गुळाची भाजकी चव, मध्ये बेदाणा आणि अंजीर, मग खोबऱ्याची बर्फी. हो, बर्फीच, व्हॅनिलासकट. शेवटी हिरड्यांना धरणारा तुरटपणा, सुपारी चघळून टाकल्यावर राहतो तेवढा. ऊब छातीत उतरली, जाळ नव्हता.

अर्ध्या तासानं यजमानांच्या आई वर आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, माळकरी. पिण्याचा प्रश्नच नाही. "बघू तरी कसला एवढा वास घेताय तासभर," म्हणून ग्लास हातात घेतला, लांबूनच हुंगला आणि म्हणाल्या, "मेथीच्या लाडवाचा येतोय की रे." सगळे हसले. मी नाही हसलो. मेथीला तिचा वास देणारा एक घटक आहे, त्याला सोटोलॉन म्हणतात. वर्षानुवर्षं लाकडात हवा खात मुरलेल्या शेरी वाइनमध्ये तो सापडतो, जुन्या गडद बीअरमध्येही. थोडा असला तर कॅरॅमलसारखा, गुळासारखा भासतो, जास्त झाला की सरळ मेथी. मी हे नाव शिकायला किती दिवस घालवले आणि माउलींनी ग्लास ओठाला न लावता सांगितलं. तूप, गूळ, डिंक, भाजलेली मेथी. डबा उघडल्यावर येतो तो वास. तेव्हापासून मी चव तपासणाऱ्या पॅनेलवरच्या पोरांना सांगतो, 'टॉफी' लिहायच्या आधी घरचे डबे आठवा.

साधारण तासाभरानं, अठरा-वीस अंशांवर, ती उतरली. दारू वर आली, गोडवा जड झाला. म्हणजे हिची खिडकी अर्ध्या-पाऊण तासाची. तुम्ही ती उघडण्याआधीच बाटली संपवलीत.

आता त्या दोन आण्यांकडं येऊ. खरोखर बिघडलेली कशी असते?

आंबटपणा दोन जातींचा. एक ताकाचा: जिभेवर कळतो, नाकाला फारसा कळत नाही. दुसरा व्हिनेगरचा: ग्लास नाकाशी नेताच नाकपुड्या आकसतात. लाकडात मुरलेल्या बीअरला पहिल्या जातीची बारीकशी धार असेल तर ती बिघाड नव्हे, उलट गोडव्याला तोल देते. दुसरी जात मात्र संशयाची. तिच्या मागोमाग नेलपॉलिशचा वास आला तर विषय संपला. तुमच्या पत्रात आंबट जिभेवर आहे, नाकाबद्दल अक्षर नाही, आणि व्हिनेगर झाली असती तर थंडीतसुद्धा नाकानं पहिल्यांदा ओरडून सांगितलं असतं. म्हणून मी चौदा आणे म्हणालो. शिवाय बरबनचं बॅरल मुळात कडक दारूनं धुतलेलं असतं, वाइनच्या जुन्या बॅरलच्या मानानं त्यात जंतूंना थारा कमी.

नेलपॉलिश मी कसा शिकलो ते सांगायलाच हवं. पलूसच्या दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, द्राक्षांचे ट्रॅक्टर रात्री अकरापर्यंत येत होते. बॅरलमधली वाइन फळ्यांतून उडून थोडी कमी होते, ती दर आठवड्याला वरपर्यंत भरायची असते. ते काम माझ्याकडं. कोपऱ्यातलं एक बॅरल माझ्याकडून पाच आठवडे राहून गेलं. वर हवा साठली, जंतूंनी मेजवानी केली. वही तपासून सगळं भरलेलं आहे असं मी छातीठोक सांगितलं आणि आमच्या वरिष्ठांनी बूच काढून मला वाकायला लावलं. पार्लरमध्ये शिरल्यासारखा वास. रागावले नाहीत. ते बॅरल महिनाभर तसंच ठेवलं आणि रोज सकाळी चहाच्या आधी मला त्याचा वास घ्यायला लावला. दोनशेहून जास्त लिटर शेवटी गटारात गेली. तो वास हजार लिटरमध्ये चमचाभर असला तरी मी आता ओळखेन, असं माझी बायको थट्टेनं म्हणते.

दुसरा बिघाड सांगलीकराला शिकवावा लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टात पूर ओसरल्यावर दुकानांची शटरं वर गेली, वह्यांचे, चपलांचे, औषधांचे खोके भिजून लगदा झाले होते. तो ओल्या पुठ्ठ्याचा वास. बीअर जुनी होऊन किंवा उन्हा-उकाड्यात राहून बिघडली की नेमका तसा येतो. गडद बीअरमध्ये बेदाण्याच्या आड लपतो, म्हणून शेवटच्या घोटानंतर सोडलेल्या श्वासात शोधा. बूच असलेल्या बाटलीत कधीकधी बुरशीचा कुबट वासही लागतो, तो बुचाचा दोष. आणि उघडताच बीअर कारंज्यासारखी उसळून अर्धी बाहेर आली तर आत नको ते काहीतरी वाढलेलं असण्याची शक्यता बरीच. अर्थात बाटली जावयांच्या बॅगेतून हिंदकळत आल्या आल्या उघडली असेल तर दोष बॅगेचा.

मग दुसऱ्या बाटलीचं काय करायचं? उभी ठेवा, अंधारात. विट्याचा उन्हाळा तिला माळ्यावर सोसणार नाही. तळघर नसेल तर फ्रिजचा भाजीचा कप्पा बरा. वर्षानुवर्षं साठवू नका. बॅरलचा व्हॅनिला-खोबऱ्याचा वास आधी ओसरतो आणि तुम्हाला तर तोच चाखायचाय. दिवाळी ते संक्रांत या दिवसांत कधीतरी उघडा, पण दोघांत नको, पाच-सहा जणांत. कुणी उपाशीपोटी येऊ नये, कुणी गाडी चालवत परत जाऊ नये, आणि परवाना काढलेला असला म्हणजे चर्चा शांतपणे करता येते. बुचाची तार सोडताना अंगठा वर दाबून ठेवा, बाटली कुणाच्या तोंडाकडं नको. गच्चीवर अगरबत्ती नको, अत्तर नको, तंबाखूचा मावा खाऊन येणाऱ्याला आधी चूळ भरायला लावा.

खायला मधूनमधून ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा आणि साधं पाणी, एवढ्यानं जीभ कोरी होते. तांबड्या रश्श्याशी हिची गाठ घालू नका, दोन्ही वाया जातात. एक जोडी मात्र माझ्या आग्रहाची: साताऱ्याचा कंदी पेढा, चांगला लालसर भाजलेला. आधी पेढ्याचा कोपरा, तो विरघळत आला की बीअरचा घोट. पेढ्याचं दूध लाकडाचा तुरटपणा पुसून टाकतं आणि दोन्हींतला भाजकेपणा एकमेकांत मिसळतो. पेढा भावांना आधी मोजून द्या, नाहीतर बीअर राहील बाजूला.

भडंग सगळं संपल्यावर आणा. आणि रात्री ग्लास धुऊ नका, तसेच ठेवा. सकाळी दारू उडून गेलेली असते, तळाशी एक चिकट थेंब वाळलेला असतो. चहाच्या आधी त्यात नाक घाला आणि काय काय सापडलं ते मला कळवा.